आर्टिकलशिप + बदलापूर ते फोर्ट. सीए फायनलच्या अभ्यासाला वेळ काढायचा कुठून?

फोर्टची_आर्टिकल:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सीए इंटरचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) निघाले, नव्या स्कीमची दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली ट्रेनिंग, चालू आहे, पहिलं वर्ष संपायचंय अजून. राहते बदलापूरला, ऑफिस फोर्टात. म्हणजे सकाळी सव्वासातला घर सोडायचं, स्टेशनला रिक्षा, मग फास्ट मिळाली तरी सीएसएमटीपर्यंत दीड तासाच्या आसपास, मग चालत ऑफिस. संध्याकाळी तेच उलटं, फरक एवढाच की सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी पकडली तर बसायला मिळतं आणि संध्याकाळी आत शिरायला मिळालं तरी नशीब. घरी पोचेपर्यंत नऊ. जेवण, भांडी, उद्या डब्याला काय यावर चर्चा, की साडेदहा. मग एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) उघडते, तेच पान दोनदा वाचते आणि पुस्तक तोंडावर घेऊन झोपते.

इन्स्टिट्यूटच्या नियमात आर्टिकलचे आठवड्याला 35 तास आहेत. आमच्याकडे ते कोणी मोजत नाही, त्यावर आत्ता बोलायला नको.

टाइमटेबल मी फार सुंदर बनवते, तीन रंगांचे हायलायटर लावून. मंगळवारपर्यंत ते मोडतं. मग सगळं रविवारवर ढकलते आणि रविवारी दुपारी बारापर्यंत मी माणसात नसते. यूट्यूबवर रँकवाले सांगतात रोज बारा तास, चौदा तास, पण ते आर्टिकलशिप संपल्यावर परीक्षेआधी अभ्यासाला मिळतात त्या सहा महिन्यांतलं, आत्ता माझ्या स्थितीत कोणी काय केलं ते कोणीच सांगत नाही. ऑफिसातला एक सीनियर म्हणतो आत्ता कशाला डोक्याला ताप, सहा महिने मिळणारच आहेत. दुसरी म्हणते तेव्हा पहिल्यांदा पुस्तक उघडलंस तर मेलीस.

ट्रेनमध्ये खरंच अभ्यास होतो का ते नुसतं लोकांना दाखवायला असतं? पहाटे बरं की रात्री? आणि आर्टिकलशिप चालू असताना रोज किती झालं म्हणजे ठीक?

"इच्छा तिथे मार्ग" टाइप रिप्लाय प्लीज नकोत, ते घरी फुकट मिळतात 🙏


ठाणे_उतरणार_का:
भावा ट्रेनमध्ये अभ्यास होतो, माझा झालाय, पण कशाचा होतो ते बघ. एफआरचं कन्सॉलिडेशन घेऊन बसलास तर वेड लागेल. मांडीवर वही, एका हातात कॅल्क्युलेटर, आणि शेजारचे काका तुझ्या गुडविलमध्ये डोकावून बघणार. एएफएमचे (फायनान्शियल मॅनेजमेंट) सम पण नाहीत. ट्रेन म्हणजे ऑडिटसाठी. एसए (ऑडिटची स्टँडर्ड) 700, 705, 706 यांत फरक काय, ऑडिटरचं मत कुठे क्वालिफाइड कुठे अ‍ॅडव्हर्स, हे उभ्याने पण पाठ होतं. एथिक्स तर मी सगळं कल्याण आणि घाटकोपरच्या मधे केलंय, 1949 च्या सीए अ‍ॅक्टची पहिली शेड्यूल दुसरी शेड्यूल, कुठला मिसकंडक्ट कुठल्या पार्टमध्ये. रोज एक दोन क्लॉज, बस.

अजून एक, मोबाइलवर पीडीएफ घरूनच डाउनलोड करून ठेवायची. नेटवर्क मधेमधे जातं आणि नेटवर्क गेलं की माणूस पीडीएफ सोडून गॅलरीतले जुने फोटो बघत बसतो. शक्यतो कागदच ने. चार घडी घातलेला एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. गर्दीत पुस्तक उघडत नाही, कागद उघडतो.

संध्याकाळी आत शिरायलाच मिळत नाही म्हणतोस तर तेव्हा काहीच करू नकोस, पाकीट सांभाळ.


फोर्टची_आर्टिकल:
भावा नाही, ताई 😄 पण कागदाची आयडिया भारी आहे. लेडीज डब्यात पुस्तक उघडायला कोपर हलवायची पण सोय नसते.


ठाणे_उतरणार_का:
सॉरी ताई 🙏


रविवारी_मेगाब्लॉक:
मी उलटं सांगणार आहे, रागवू नका. सकाळी बसायला मिळतंय ना, मग झोप. सरळ झोप. बॅग पोटाशी धरून कुर्ल्यापर्यंत. साडेदहाला अभ्यासाला बसून डुलक्या काढायच्या आणि सकाळी ट्रेनमध्ये डोळे फाडून एसए वाचायचे याला काही अर्थ नाही, दोन्हीकडे अर्धंमुर्धं. एक कुठलं तरी पूर्ण कर. रात्रीचं पुस्तक बंद कर, पहाटे पाचला उठून सव्वासहापर्यंत टेबलावर बस आणि ती गेलेली झोप ट्रेनमध्ये भरून काढ. टेबलावरचा सव्वा तास आणि ट्रेनमधला सव्वा तास यांची किंमत एक नाही, सम फक्त टेबलावर सुटतात. लोक ट्रेनमधल्या अभ्यासाच्या गोष्टी फार रंगवून सांगतात कारण ऐकायला छान वाटतात, वर्तमानपत्रात रिझल्टच्या दिवशी येतात तशा.

(मी सीए नाही, सीएस (कंपनी सेक्रेटरी) करतेय, पण लोकल तीच आहे.)


सांगलीचा_सायकलवाला:
ताई तुमची पोस्ट वाचून हसावं का रडावं कळेना. मी सांगलीत आर्टिकल आहे. घर ते ऑफिस सायकलने दहा मिनिटं. दुपारी जेवायला घरी येतो. तुमच्या हिशेबाने माझ्याकडे रोज तीन तास जास्त आहेत. आणि माझा अभ्यास तुमच्याइतकाच होतो, म्हणजे होत नाही.

ते तीन तास जातात कुठे तर घरी लवकर आलो म्हणून आई म्हणते जरा गिरणीत जाऊन ये, मित्र म्हणतो जरा चहाला ये, मग जरा पडतो, मग मॅच असते. प्रत्येक गोष्ट "जरा". तुम्हाला निदान तीन तास ट्रेनमध्ये कोणी गिरणीत पाठवत नाही. तेव्हा सगळं खापर बदलापूरवर फोडू नका एवढंच म्हणणं. उपाय माझ्याकडे नाही, मी पण इथे तोच शोधायला आलोय.


जुना_मेंबर_नाशिक:
वरचं सगळं वाचलं. मी प्रॅक्टिसमध्ये आहे, माझ्याकडे सध्या चार आर्टिकल आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची आणि परीक्षा वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर. आता फायनल पण 2025 पासून तीनदा झाली, जानेवारी, मे, सप्टेंबर. मुलांना वाटतं सोपं झालं, पण पुढचा अटेम्प्ट चार महिन्यांवर आहेच म्हणून पोरं हातचा अटेम्प्ट सोडतात असंही मी बघतोय. असो, विषयांतर.

अगं मुली, तुझं टाइमटेबल मंगळवारी मोडतं कारण ते आठवड्याचं आहे आणि आपला धंदा आठवड्याने चालत नाही, तो ड्यू डेटने, म्हणजे सरकारी मुदतीच्या तारखांनी, चालतो. भिंतीवर महिना लाव. 7 ला टीडीएस (कापलेला टॅक्स) भरायचा, मग जीएसटीची रिटर्न, 11 ला जीएसटीआर 1, 20 ला 3बी. म्हणजे साधारण 8 ते 20 ऑफिस तुला पिळून काढणार हे आजच माहिती आहे, मग त्या दिवसांत रोज दोन तास एफआर असं लिहितेसच कशाला? त्या दिवसांत तो ट्रेनमधला कागद झाला तरी पुष्कळ. 21 पासून महिना अखेरपर्यंत जड विषय काढायचा. मग भिंतीवर वर्ष लाव. एप्रिलच्या सुरुवातीला बँक ब्रँचचं ऑडिट, जुलैत इन्कम टॅक्स रिटर्न, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, हे महिने अभ्यासाचे नाहीतच, तिथे शून्य धर. आणि शून्य धरलंस की वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. दिवाळीनंतर, डिसेंबर अखेरची जीएसटीची वार्षिक रिटर्न सोडली, तर फेब्रुवारीपर्यंत बऱ्याच फर्ममध्ये श्वास घ्यायला मिळतो, खरा अभ्यास तिथे बसव.

आणि या सगळ्यावर सरकार मुदतवाढ देतं ते वेगळंच. 2025 ला रिटर्नची तारीख 31 जुलैवरून 15 सप्टेंबरला गेली, क्लायंट खूश, मालक खूश, आणि ज्या मुलांनी ऑगस्ट अभ्यासाला राखून ठेवला होता त्यांचा ऑगस्ट गेला कारण क्लायंटने कागद दिले तेच ऑगस्टच्या शेवटी. त्यामुळे कॅलेंडर पेन्सिलीने लिहायचं.

रोज किती तास हे विचारलंयस. सरासरी विचारू नकोस. काही दिवस पंधरा मिनिटं, काही दिवस चार तास, असंच होणार आहे.


फोर्टची_आर्टिकल:
सर हे कोणीच असं सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात शून्य धर हे वाचून मला शारीरिक आराम वाटला 😅 पण मग एकूण पुरेल का? हिशेब केला तर वर्षातले अडीच तीन महिने तसेच जातात आणि उरलेल्यातही अर्धे अर्धे.


दीड_दिवसाची_राणी:
पुरेल का हे तासांवर नाही गं ठरत. मी क्लिअर केलं, नवी स्कीम, दोन्ही ग्रुप एकदम, म्हणून सविस्तर लिहिते.

फायनलला दोन पेपरच्या मधे एक दिवस मिळतो. शेवटचा सहावा सोडला तर पेपर दुपारी दोन ते पाच. म्हणजे पाचला बाहेर पडलीस, घरी पोचलीस, ती संध्याकाळ, मधला एक दिवस आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ. हाच तो दीड दिवस, ज्याबद्दल सगळे बोलतात. त्या दीड दिवसात अख्खा डायरेक्ट टॅक्स फिरून व्हायला पाहिजे. पुस्तक हजार पानांचं असो की दोन हजार, तेवढ्यात जेवढं डोळ्यांखालून जाईल तेवढंच तुझं. तर आत्ता आर्टिकलशिपमध्ये जो वेळ घालवतेस त्यातून त्या दीड दिवसासाठी काय तयार झालं, हे एवढंच विचारायचं. तीन तास क्लासचं लेक्चर दीडच्या स्पीडने बघितलं आणि कागदावर काही उतरलं नाही तर त्या दीड दिवसात त्याचा काडीचा उपयोग नाही, तू ते लेक्चर परत बघणार नाहीस. वीस मिनिटांत इंड एएस 116 चं (लीजचं अकाउंटिंग स्टँडर्ड) एक पान स्वतःच्या हाताने केलं, लीज कशाला म्हणायचं, लायबिलिटी कशी काढायची, कुठे सूट आहे, तर ते पान शेवटपर्यंत तुझ्याबरोबर येतं. मी आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत फायनलचा "अभ्यास" असा फार केलाच नाही, फक्त अशी पानं केली. सहा महिन्यांत सम सोडवले, इन्स्टिट्यूटचे सरावाचे पेपर, आरटीपी एमटीपी, केले आणि तीच पानं पुन्हा पुन्हा वाचली.

म्हणजे तुझे दोन्ही सीनियर अर्धे अर्धे बरोबर आहेत.

दुसरं, सहा महिने "मिळणारच आहेत" असं नाही, फायनलच्या आधी सेल्फ पेस्ड मॉड्यूलचे (आपल्या सोयीने द्यायच्या परीक्षा) चारही सेट पास व्हावे लागतात, प्रत्येकात 50 टक्के. ते क्लिअर नसतील तर फायनलला बसताच येत नाही. आमच्या बॅचमधली कितीतरी जणं स्टडी पिरियडमध्ये हे सेट देत बसली. ज्या सहा महिन्यांत फक्त सहा पेपर करायचे त्यात कॉर्पोरेट लॉ आणि कॉस्टिंगची एमसीक्यू! ते आत्ता उरक. आत्ताच्या तुकड्या तुकड्या वेळेला साजेसं तेच आहे, ऑनलाइन परीक्षा, एमसीक्यू, मोठी उत्तरं लिहायची नाहीत.

तिसरं, आणि याबद्दल मला फार वाटतं, ऑफिसचा वेळ अभ्यासाच्या खात्यात धर. सुरुवातीला मला पण ते वेगळं जग वाटायचं. एकदा डेटर्सना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवायचं काम आलं, दिवसभर पत्ते टाइप करतेय, वैताग. संध्याकाळी एसए 505 उघडला आणि त्यात तेच, उत्तर आलं नाही तर काय करायचं, मॅनेजमेंट पाठवू देत नसेल तर काय, सगळं दिवसभर डोळ्यांसमोर झालेलं. दहा मिनिटांत स्टँडर्ड संपला आणि परीक्षेत विसरलं नाही. स्टॉक मोजायला गोडाऊनला पाठवतील तेव्हा 501 बघ. व्हाउचिंग करताना सगळी व्हाउचर न बघता काहीच का बघतो, 530. कामाच्याच दिवशी बघायचं पण, आठवड्याने बघितलं तर ते परत नुसतं पुस्तक होतं.


सांगलीचा_सायकलवाला:
ताई हे शेवटचं जबरदस्त आहे. आमच्याकडे परवाच सोसायटीचं स्टॉक व्हेरिफिकेशन झालं, खताची पोती मोजली. आज 501 काढतो. गिरणीत जाऊन आल्यावर 😂


ठाणे_उतरणार_का:
खताची पोती मोजताना सायकलवाला वर चढला होता का खालूनच अंदाजाने लिहिलं ते पण सांग. सॅम्पलिंग रिस्क.


रविवारी_मेगाब्लॉक:
@फोर्टची_आर्टिकल, एक काम कर. सात दिवस फक्त लिही, काही बदलू नकोस. उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने एका ओळीत काय चाललंय ते. टाइमटेबल नाही, झाल्यावर लिहायचं. अ‍ॅप वगैरे नको, अ‍ॅप शोधण्यात एक संध्याकाळ जाते. ऑफिसात एका बाजूने प्रिंट झालेले कागद पडलेले असतात ना, त्याच्या मागे. आणि मोबाइलमधला स्क्रीन टाइम पण टिपून ठेव, आत्ता लाज वाटली तरी. मग इथे येऊन सांग.


जुना_मेंबर_नाशिक:
चांगली सूचना. आमच्याकडे मुलांना टाइमशीट भरायला लावतो, क्लायंटवाइज. मुलं कंटाळतात. पण महिन्याच्या शेवटी बघितलं की कळतं ज्या क्लायंटवर दोन दिवस धरले होते तिथे सहा गेले आणि का गेले. स्वतःवर तीच टाइमशीट लाव, फरक एवढाच की बिल कोणाला पाठवायचं नाही.


फोर्टची_आर्टिकल:
परत आले. आठवडाभर लिहिलं, मधे एक दिवस राहिला पण बाकी सगळं आहे. तीन गोष्टी निघाल्या आणि तिन्ही मला वाटल्या होत्या तशा नाहीत.

एक, रात्री साडेदहानंतर जे काही करते त्याच्यापुढे मी स्वतःच "एफआर (?)" असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय. रोज. म्हणजे माझं मलाच माहिती होतं.

दोन, मोबाइल. मला वाटायचं रात्री जास्त जातो. नाही, ऑफिसातून निघून ट्रेन लागेपर्यंत आणि मग ट्रेनमध्ये उभी असताना. तिथे तसंही दुसरं काही होत नाही, त्यामुळे ते मी माफ केलं स्वतःला. पण सकाळी बसायला मिळतं तेव्हा पण अंबरनाथपर्यंत मोबाइल, मग उल्हासनगर, मग विठ्ठलवाडी, मग म्हणते आता कल्याण गेलं की वाचते. हे बदलता येईल.

तीन, आणि हे खरं आश्चर्य. क्लायंटकडे ऑडिटला जातो तेव्हा नुसतं बसून राहायचा वेळ. त्यांचा अकाउंटंट लेजर काढून देणार, तो बँकेत गेलाय, मग जेवायला गेलाय, मग टॅली (अकाउंटचं सॉफ्टवेअर) हँग झालं. आम्ही तिघं आर्टिकल कॉन्फरन्स रूममध्ये बसून चहा पितो आणि एकमेकांना मीम दाखवतो. अशा दिवशी हा वेळ माझ्या ट्रेनच्या वेळेपेक्षा जास्त निघाला! टेबल, खुर्ची, एसी सगळं असलेला. आणि मी तो कधी धरलाच नव्हता कारण तो "ऑफिस" होता.

आता अडचण अशी की सीनियरसमोर पुस्तक काढलं तर बरं दिसेल का? आणि दुसरी अडचण घरची. पाचला उठायचं ठरवलं तर आई पण उठते, तिला वाटतं मला चहा हवाय, मग गप्पा, मग पाणी येतं सव्वापाचला ते भरायचं. भाऊ बारावीला आहे त्याला कोणी उठवत नाही, त्याचा "अभ्यास चालू आहे".


दीड_दिवसाची_राणी:
पुस्तक काढू नकोस, ऑडिटचंच काढ. म्हणजे त्याच क्लायंटला लागणारा स्टँडर्ड प्रिंट करून वर्किंग पेपरच्या फाइलमध्येच ठेव. सीनियरने बघितलं तर उलट खूश होईल. आणि हातात काम असताना कधीच नको, फक्त डेटाची वाट बघताना.


आधी_भांडी_मग_बॅलन्सशीट:
घरच्या मुद्द्यावर लिहायला खास लॉगिन केलं. मी लग्नानंतर सीए पूर्ण केलं, तेव्हा हे मला जरा जास्त कळतं.

अगं तुझ्या पोस्टमध्ये पहिल्यांदाच "भांडी, उद्याच्या डब्याची चर्चा" आलंय आणि वरच्या इतक्या रिप्लायमध्ये त्याबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळे ट्रेन ट्रेन करतायत. नऊ ते साडेदहा हा दीड तास आहे, रोजचा. तुझ्या भावाचा तोच दीड तास अभ्यासात धरला जातो आणि तुझा घरात. याला टाइम मॅनेजमेंटचं पुस्तक काय करणार, हे घरी बोलावंच लागतं. आणि भांडून नाही, ठराविक मागून. "मला अभ्यासाला वेळ हवाय" म्हटलं की घरचे म्हणतात कोण नाही म्हणतंय, आणि दुसऱ्या मिनिटाला हाक येते. त्यापेक्षा "भांडी आठवड्यातून चार दिवस दादू घासेल, कुठले चार ते त्याने ठरवायचं" असं बोल. मी सासरी असंच केलं होतं, सासूबाईंना म्हटलं रविवारी दुपारी दोन ते पाच मी घरात नाही असं समजा. दार बंद. त्या वेळात पाहुणे आले तर मी नाही, फोन आला तर मी नाही. पहिले काही रविवार तोंडं वाकडी झाली, मग सासूबाईच पाहुण्यांना सांगायला लागल्या की तिचा पेपर चालू आहे.

आणि दोन ते पाचच का, तर पेपर त्याच वेळेला असतो. दुपारी जेवून बसल्यावर झोप येणाऱ्या डोक्याला तीन तास लिहायची सवय लागते. तू रविवारी बारापर्यंत माणसात नसतेस ना, नको असूस. झोप बारापर्यंत. दोनला बस.

पाण्याचं मात्र खरं आहे, पाणी कोणाला थांबत नाही. एक दिवसाआड भाऊ भरेल.


रविवारी_मेगाब्लॉक:
👏👏 दादूला पण या थ्रेडची लिंक पाठवा.


ठाणे_उतरणार_का:
पेपर लिहायचा विषय निघालाच तर एक सांगतो, कारण वेळ खरा तिथे कळतो. सहावा पेपर सोडला तर 180 मिनिटं, 100 मार्क. त्यातले 30 एमसीक्यूचे. ते पस्तीस चाळीस मिनिटांत आवरले तर उरलेल्या 70 मार्कांना एकशे चाळीस मिनिटं, म्हणजे मार्काला दोन मिनिटं. पाच मार्कांचा प्रश्न म्हणजे दहा मिनिटं. दहा झाली की टॅली होवो न होवो पेन उचलायचं आणि पुढचा प्रश्न. घरी सोडवताना आपण काय करतो, बॅलन्सशीट टॅली होईपर्यंत पाऊण तास बसतो आणि टॅली झाली की स्वतःवर खूश. परीक्षेत त्या पाऊण तासात दुसरे वीस मार्क सुटले असते. 40 प्रत्येक पेपरला आणि ग्रुपला 50 टक्के पाहिजेत, त्या टॅलीचे वेगळे मार्क कोणी देत नाही. म्हणून रविवारी लिहिशील ते मोबाइलवर अलार्म लावून, दर प्रश्नाला. आधीची पंधरा मिनिटं वाचायला मिळतात ती पण धर, त्यात कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवायचं. बरेच जण त्या पंधरा मिनिटांत नुसता घाम पुसतात.


जुना_मेंबर_नाशिक:
टॅलीबद्दल पूर्ण सहमत, फक्त माझ्या आर्टिकलना हे सांगू नका. ऑफिसात टॅली झालीच पाहिजे 🙂


सांगलीचा_सायकलवाला:
अपडेट: 501 वाचून झाला. पोती मोजताना काय काय करायला हवं होतं ते आज कळलं. मालकांना सांगू का नको?


जुना_मेंबर_नाशिक:
सांग. रिपोर्टवर सही व्हायच्या आत सांग.


फोर्टची_आर्टिकल:
सगळ्यांना खूप थँक्यू, खरंच. घरी बोलले. आई आधी म्हणाली मग मला कोण मदत करणार, बाबा गप्प होते, आणि अनपेक्षितपणे दादूच म्हणाला बुधवार शुक्रवार शनिवार मी करतो. चार म्हटले होते, तीन मिळाले, चालतंय. रविवार दोन ते पाच अजून मागितला नाहीये, या रविवारी मावशी येतायत, पुढच्यापासून.

सकाळची ट्रेन: बसायला मिळालं तर घडीचा कागद, तो झाला की झोप, रोज नवा कागद नाही. पहाटेचं अजून ठरत नाहीये, सध्या रात्रीचं पुस्तक बंद केलंय आणि एवढ्यानेच सकाळी जरा बरं वाटतंय. भिंतीवर ड्यू डेटचं कॅलेंडर लावलं, बाबा म्हणाले यात सुट्ट्या कुठायत.

शेवटचा प्रश्न मग थ्रेड बंद. सेल्फ पेस्डमध्ये सेट ए आधी देऊ का बी? ऑफिसात सगळे म्हणतात बी स्कोरिंग आहे, तो आधी उडवून टाक.


दीड_दिवसाची_राणी:
तुझ्या केसमध्ये ए. तो लॉ आहे, कागदावर मावतो, ट्रेनमध्ये आणि क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये होतो. बी कॉस्टिंगचा, त्याला टेबल आणि सलग वेळ लागतो, तो दिवाळीनंतर घे. फॉर्म भरायच्या आधी भिंतीवर बघ म्हणजे झालं, 20 तारखेच्या आसपासचा स्लॉट घेऊ नकोस.